मेल्टन मोब्रे: एका बाजारगावाची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या मध्यावर लेस्टरशर काउंटीत मेल्टन मोब्रे हे छोटं बाजाराचं गाव आहे, वस्ती जेमतेम २७ हजारांच्या आसपास. आठवडी बाजार मंगळवारी, आणि तो किती जुना? १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने केलेल्या देशभरच्या मोजणीत, त्याची नोंद आहे. अख्ख्या लेस्टरशरमध्ये तेव्हा नोंदलेला बाजार हा एकच. मोब्रे हे शेपूट नंतरच्या नॉर्मन जमीनदार घराण्याचं.

पण गावाचं खरं नशीब पालटलं ते गवताने. सतराव्या-अठराव्या शतकात आसपासच्या गावांची सामाईक शेतं कुंपणं घालून खाजगी झाली, नांगरट कमी होऊन कुरणं वाढली. मग गाई आल्या, दूध आलं, दुधाचं स्टिल्टन चीज व्हायला लागलं, चीज काढल्यावर उरलेलं पाणी फेकायचं कशाला म्हणून ते डुकरांना पाजलं आणि डुकरं माजली की त्यांचा पोर्क पाय, म्हणजे पिठाच्या कवचात भरून भाजलेलं डुकराचं मांस! एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल, सगळं एकात एक गुंतलेलं.

त्याच कुरणांवर कोल्ह्याच्या शिकारीचा शौक फोफावला. क्वॉर्न, बीव्हर आणि कॉट्समोर या तीन नामांकित हंटच्या, म्हणजे शिकारी मंडळांच्या, हद्दी इथे जवळ येतात, त्यामुळे हिवाळाभर लॉर्ड मंडळी घोडे, नोकरचाकर घेऊन गावात मुक्कामालाच. दिवसभर घोड्यावर असताना खिशात टाकून न्यायला पाय एकदम सोयीचा, आधी नोकरांनी खाल्ला, मग मालकांनी चव घेतली, आणि १८३१ पासून एडवर्ड अॅडकॉक नावाच्या बेकरने घोडागाडीने लंडनला पाठवायला सुरुवात केली. रेल्वे आल्यावर तर काय, धंदा सुसाटच.

या लॉर्ड लोकांचा माज मात्र भयंकर. एप्रिल १८३७ मध्ये वॉटरफर्डचा मार्क्विस आणि त्याचे दोस्त रेस बघून टाइट होऊन रात्री परतले, टोलनाक्यावर लाल रंग हाताला लागला, मग काय, नाकेदार रंगवला, घरांची दारं रंगवली, व्हाइट स्वान खानावळीवरचा हंस रंगवला, आडवा आलेला पोलीससुद्धा सोडला नाही. पुढच्या वर्षी डर्बीच्या कोर्टात प्रत्येकी १०० पौंड दंड झाला, म्हणजे यांच्यासाठी चिल्लरच.

इथला अस्सल पाय ओळखायचा तर बाजू बघायच्या. तो साच्याशिवाय भाजतात म्हणून कडा जरा फुगून बाहेर येतात. आतलं मांस ताजं, खारवलेलं नसतं, त्यामुळे कापल्यावर गुलाबी न दिसता राखाडी दिसतं, आणि भाजून झाल्यावर झाकणाच्या भोकातून रस्सा ओततात, तो थिजून जेली होते. नावाच्या संरक्षणासाठी पायवाल्यांना एका मोठ्या फूड कंपनीशी कोर्टात भांडावं लागलं, शेवटी २००९ मध्ये युरोपचा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, दर्जा मिळाला. स्टिल्टनची तर आणखी गंमत, ते लेस्टरशर, डर्बीशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन काउंटींतच बनवता येतं, ज्या स्टिल्टन गावाचं नाव आहे ते केंब्रिजशरमध्ये असल्याने त्यालाच परवानगी नाही!

२००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी कोल्हा मारायला बंदी आली. पण जनावरांवरचं पोट काही सुटलेलं नाही, ब्रिटिश आर्मीचे घोडे-कुत्रे इथेच ट्रेन होतात, कुत्र्यामांजरांच्या खाण्याचा मोठा उद्योग आहे, आणि गुरांचा बाजारही अजून गावातच भरतो, तोही मंगळवारीच.