अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ रेखाटली नव्हती

‘अमर चित्र कथा’ या मुलांच्या चित्रकथा-मालिकेतील चित्रे अनंत पै यांनी स्वतः काढली, असा समज अनेक वर्षे रूढ आहे, तो खरा नाही. रसायन-तंत्रज्ञान शिकलेले पै १९६७ साली सुरू झालेल्या या मालिकेचे संस्थापक-संपादक होते. विषय निवडणे, संहिता लिहिणे किंवा तपासणे आणि चित्रकारांकडून काम करून घेणे हे त्यांचे कर्तृत्व होते, आणि ते मुळीच लहान नाही.

चित्रांचे श्रेय मात्र इतरांचे आहे. मालिकेतील सुप्रसिद्ध ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी रेखाटला, आणि पुढे ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातला सुपंडीही त्यांच्याच हातून उतरला. पुराणातला बाळकृष्ण आणि अंगाने काटकुळा, भाबडा नोकर अशी दोन टोके एकाच चित्रकाराने पेलली, याचे मला फार अप्रूप वाटते. प्रताप मुळीकांनीही या मालिकेसाठी भरपूर काम केले, शिवाय ‘राज कॉमिक्स’च्या नागराज या महानायकाचे सुरुवातीचे अंक त्यांनीच रेखाटले. ही नावे लपवलेली नव्हती. आतल्या पानावर संहिता आणि चित्रे यांची श्रेये वेगवेगळी छापलेली असत, पण वाचक थेट गोष्टीकडे वळत असल्यामुळे लक्षात राहिले ते संपादकाचेच नाव.