‘लाईट दिली’ म्हणजे नेमकी कुठली? : पार्श्वभूमी

निपाणी-चिकोडीच्या तंबाखू पट्ट्यात तोंडाचा कॅन्सर समजावून सांगावा लागत नाही. घोळ होतो तो ‘लाईट दिली’ या शब्दांत. गावाकडे रेडिएशनलाही लाईट किंवा शेक म्हणतात. मग सोन्याच्या नॅनोकणांनी (अतिसूक्ष्म कणांनी) आणि प्रकाशाने कॅन्सरची गाठ मारण्याच्या उपचाराची बातमी वाचून बेळगावला चौकशीला येणाऱ्यांना ती तीच लाईट वाटते. रेडिएशनचे किरण स्वतःच पेशीचा डीएनए तोडतात. या प्रकाश-उपचारातला लाल किंवा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश मात्र औषधाशिवाय किंवा कणांशिवाय गाठ मारत नाही.

त्यातही प्रकाश-उपचार या एका नावाखाली दोन उपचार खपतात. फोटोडायनॅमिकमध्ये औषध प्रकाश शोषतं आणि ऑक्सिजनला मारक रूप देतं. हे मारक रूप क्षणात विरतं, म्हणून औषध असेल तिथेच इजा होते. फोटोथर्मलमध्ये कण तापून गाठ भाजतात, ऑक्सिजन लागत नाही. मोठ्या गाठीच्या आत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे हा फरक निर्णायक आहे. बातम्या तो गाळतात, हे चुकीचंच.

रंगद्रव्य आणि उजेड एकत्र आले की सूक्ष्मजीव मरतात, हे १९००च्या सुमारास म्युनिकमध्ये दिसलं. फोटोडायनॅमिकच्या औषधाला पहिली मोठी मान्यता १९९३ची, कॅनडात, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी; औषध फोटोफ्रिन. त्या औषधाचा नेहमीचा डोस किलोमागे २ मिलिग्रॅम, शिरेतून. ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश. तो जेमतेम काही मिलिमीटर आत पोचतो. औषध त्वचेतही राहतं, म्हणून किमान ३० दिवस ऊन टाळायचं. सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, इथे भाजतो दिसणारा उजेड; पूर्ण बाह्या, टोपी आणि गडद चष्माच हवा. पण अंधाऱ्या खोलीतही बसू नये, घरातल्या साध्या उजेडाने त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं.

फोटोडायनॅमिकची औषधं बहुधा पाण्यात नीट विरघळत नाहीत, गुठळ्या झाल्या की परिणाम घटतो. नॅनोकण आधी आले ते या औषधांचे वाहक म्हणून; स्वतः तापून गाठ भाजणारे कण नंतरचे. २००३ मध्ये सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या कणांनी उंदरांतल्या गाठी तापवल्या. मुलामा पातळ-जाड केला की कुठला प्रकाश शोषायचा ते ठरवता येतं. २०१९ मध्ये अशाच कणांचे प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरचे निष्कर्ष आले.

अडचण कण गाठीपर्यंत पोचण्याची आहे. २०१६ च्या एका आढाव्यात, प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचं मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघालं. बरेचसे कण यकृत आणि प्लीहेत अडकतात, आणि सोनं तिथे दीर्घकाळ राहतं.