तोरुपिल म्हणजे स्कॉटिश बॅगपाइप नव्हे

बॅगपाइप म्हटलं की आपल्याला लष्कराचं संचलन आठवतं. ते वाद्य स्कॉटलंडचं. एस्टोनियाचं तोरुपिल दिसायला त्याच्यासारखंच, म्हणून लोक त्यालाही सरसकट स्कॉटिश समजतात. पण दोघांचा गळाच वेगळा आहे.

स्कॉटिश पाइपच्या सुरावटीच्या नळीत सनईसारखी दुहेरी पत्ती असते आणि नळी खाली रुंदावत जाते, त्यामुळे आवाज मैदानभर घुमतो. तोरुपिलची नळी आतून सरळ, एकाच मापाची, आणि तिच्यात पुंगीसारखी एकेरी जीभ. बोरूच्या कांडीला चीर देऊन ही लवलवती जीभ मोकळी करतात आणि तिच्यावर दोऱ्याचा वेढा देतात. वेढा केसभर सरकवला की सूर चढतो नाहीतर उतरतो. एस्टोनियन भाषेत बोरूला म्हणतातच ‘पिल्लिरोग’, म्हणजे वाद्याचा बोरू! आधारसुराच्या नळ्या स्कॉटिशला तीन, तोरुपिलला बहुधा एक किंवा दोन. पश्चिमेकडच्या बेटांवर पिशवी सीलच्या जठराची करत. ओलं झालं, वाळलं तरी ते खराब होत नसे.

खरा फरक मात्र सोबतीचा आहे. स्कॉटिश पाइप बँड पलटणींतून घडला. सगळे पाइप एकच चाल वाजवणार, मागे ड्रम. तोरुपिल मात्र लग्नघरचं, एकट्या वादकाचं वाद्य. पुढे नव्या नाचांबरोबर व्हायोलिन आलं आणि तोरुपिलची जागा आक्रसत गेली. हीउमा बेटावरचे जुने वादक आलेक्सांदर माकर १९६८ साली गेले, तेव्हा वाजवणारे म्हणून ओलेव रोमेट एकटेच उरले. एका माणसाच्या श्वासावर अख्खी परंपरा! त्यांनी १९७० च्या दशकात २५ नवे वादक तयार केले.

म्हणूनच मला समूहवादनाचं मोल फार वाटतं. एकटा वादक आपल्या सुरावर खूश असतो. दोन तोरुपिल शेजारी आले की फरक लगेच कानाला टोचतो आणि दोघांनाही दोरा सरकवावा लागतो. आपल्याकडे सनईच्या ताफ्यात एक जण नुसता सूर धरून बसतो, ऐकता ऐकता तयार होतो. इथेही नवशिक्याला चार सुरांनिशी बसायला जागा मिळते. शिवाय तोरुपिलचा आधारसूर मध्येच थांबवता येत नाही, बदलता येत नाही. सोबतच्या व्हायोलिनला, कान्नेल या तंतुवाद्याला त्याच्याच पट्टीत यावं लागतं.

आता एस्टोनियातल्या विल्यांदी गावच्या संस्कृती अकादमीत लोकसंगीत रीतसर शिकवतात, त्याच गावात १९९३ पासून लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो. ट्रॅड अटॅक या तिघांच्या बँडमध्ये तर तोरुपिलच्या एका बाजूला गिटार आहे, दुसऱ्या बाजूला ड्रम.