मातीची भिंत आणि थर्मोकोल: थंडावा सारखा, काम वेगळं

मे महिन्यात भर दुपारी आमच्या आजोळच्या घरात शिरलं की जिवाला बरं वाटतं. भिंती दीड फूट जाड, पांढऱ्या मातीच्या, वर कवेलू. गावात कुणी घरकुल बांधायला काढलं की त्याच भिंतीवर हात ठेवून सांगतात, "जाड भिंत ऊन अडवते. आता थर्मोकोल लावला की तेच काम होते." गल्लत होते ती इथंच.

थर्मोकोलमध्ये बारीक बारीक हवा कोंडलेली असते आणि कोंडलेल्या हवेतून उष्णता फार हळू सरकते. सारख्याच जाडीच्या मातीतून त्याच्या साधारण २० पट उष्णता जाते. म्हणजे २ इंच थर्मोकोलची बरोबरी करायला ३ फुटांहून जाड मातीची भिंत लागेल! मग दीड फुटी भिंतीआड गारवा कसा? ती ऊन अडवत नाही, पिऊन ठेवते. जड असल्यामुळे तिला तापायलाच वेळ लागतो आणि दिवसाची धग आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तेव्हा दारं-खिडक्या उघडल्या की धग बाहेर जाते, सकाळी भिंत पुन्हा ऊन प्यायला मोकळी.

म्हणून मातीच्या भिंतीला थंड रात्र लागते. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, रात्रीचा पाराही तिशीच्या आसपास राहिला, तर भिंत पुरती रिकामी होत नाही. दिवसा भिंतीआड आणि रात्री अंगणात खाट, ही आपल्याकडची रीत मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. थर्मोकोलला रात्रीशी देणंघेणं नाही, पण आत शिरलेली उष्णताही तो तशीच कोंडून ठेवतो.

खरा घोळ छताचा. मे अखेरीस विदर्भात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. भिंतीला ओसरीची सावली मिळते, स्लॅबला काहीच नाही. स्लॅबही ऊन पितो, पण चार-पाच इंचांचाच, त्यामुळे धग संध्याकाळीच आत उतरते. रात्री अकराला पंखा गरम हवा फेकतो, ती त्याचीच. इथं अडवणारी वस्तू हवी आणि तीही स्लॅबच्या वर, पाणी न मुरेल अशी, त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. खालून सिलिंग केल्यानं थोडा फरक पडतो, पण स्लॅब तापायचा थांबत नाही.

टिनात दोन्ही गुण नाहीत. त्यावर तणस पसरतात, तेव्हा काड्यांत अडकलेली हवा थर्मोकोलचंच काम करते. आगीची भीती मात्र राहते.

सेवाग्रामच्या आश्रमातल्या १९३६ सालच्या मातीच्या कुट्या जरूर पाहून या. भिंतींवर ऊन पडू नये म्हणून ओसरी केवढी पुढे काढली आहे, ते बघा. आणि भिंतीला शेतातली काळी माती वापरू नका. ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि भिंत भेगाळते.