मुदत संपलेलं डोमेन दुसऱ्या दिवशी मोकळं होत नाही

‘डोमेनची (वेबसाइटच्या नोंदवलेल्या नावाची) मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी कुणीही नेहमीच्या दरात घ्यावं’ हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी खरेदीदार व मालक दोघेही फसतात.

डॉट कॉमचंच बघा. मुदत संपल्यावर ० ते ४५ दिवसांची सवलतीची मुदत असते; किती, ते रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणारी कंपनी) ठरवतो. या काळात मूळ मालकाला सहसा नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. त्यानंतर नाव डिलीट झालं, की ३० दिवस ‘रिडेम्पशन पिरियड’. आताही ते मालकालाच परत मिळतं, पण वेगळा, बराच मोठा दंड भरून. मग ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’; इथे मालकाचाही इलाज चालत नाही. म्हणजे एकूण सुमारे ३५ ते ८० दिवस.

खरी मेख पुढे आहे. चांगली नावं बहुधा इथवर पोचतच नाहीत, कारण अनेक रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच त्यांचा लिलाव करतात. उरलेली चांगली नावं सुटताच बॅकऑर्डरवाल्यांचे (नाव सुटताच ते ग्राहकासाठी पकडणाऱ्या कंपन्यांचे) सर्व्हर काही क्षणांत उचलतात. हाताने टाइप करणाऱ्याचा तिथे निभाव लागत नाही. म्हणून नाव हवं असेल तर डोमेनची नोंद दाखवणाऱ्या लुकअपमधली (पूर्वीचं हूइज, आता आरडीएपी) ‘स्टेटस’ ओळ वाचा. तिथे ‘पेंडिंगडिलीट’ दिसायच्या आधीच बॅकऑर्डर लावा.

मालकांनी ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) चालू ठेवावं आणि खात्यातल्या कार्डाची मुदत तपासावी. कार्ड बाद झालं, की ऑटो-रिन्यू असूनही नाव जाऊ शकतं.