पॅरामेट्रिक इक्यू घेतलात, आता बेसवर वापरायचा कसा

पॅरामेट्रिक इक्यू म्हणजे बेस गिटारच्या आवाजातला हवा तो भाग कमी-जास्त करणारं पेडल. बॉक्स उघडला की बरेचजण पहिलं काम एकच करतात, लो (खालचा आवाज) फुल, हाय (वरचा) फुल आणि मिड (मधला) पार खाली. एकट्याने वाजवताना लय भारी वाटतं, मग प्रॅक्टिसला ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की बेस कुठे गेला तेच कळत नाही आणि आम्हाला फोन येतो की पेडल खराब निघालं. पेडल ठीक असतं हो. मिडच काढून टाकलेत तर बेस ऐकू येणार कशातून? कुठला सूर वाजतोय हे कानाला बरंचसं वरच्या हार्मोनिक्समधून (मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांतून) कळतं, खालच्या दणक्यातून नाही.

साध्या अँपवरचा मिडचा नॉब कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालणार हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, इथे ते तुम्ही ठरवता. प्रत्येक बँडला, म्हणजे आवाजाच्या एकेका पट्ट्याला, तीन गोष्टी आहेत, फ्रिक्वेन्सी म्हणजे कुठे, गेन म्हणजे किती वाढवायचं किंवा कापायचं, आणि क्यू म्हणजे किती रुंद. क्यू १.४ च्या आसपास असेल तर साधारण एक सप्तक हलतं, ४ च्या वर नेलात की जेमतेम एक तृतीयांश सप्तक. (जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे यावर पेपर मांडला होता, तेव्हा ही स्टुडिओतली चीज होती, आता पायाखाली आलीय.) वाढवताना क्यू रुंद ठेवा, कापताना अरुंद चालतो, आम्ही तरी असंच करतो.

नको असलेला आवाज शोधायची युक्ती जुनीच आहे पण चालते. आधी अँपचा व्हॉल्यूम कमी करा, हे विसरू नका नाहीतर स्पीकर जाईल. मग एका बँडचा गेन वर घ्या, क्यू अरुंद करा आणि वाजवत वाजवत फ्रिक्वेन्सीचा नॉब हळूहळू फिरवा, जिथे आवाज एकदम घाणेरडा होईल तिथे थांबा आणि तिथेच गेन शून्याच्या खाली ३-४ डीबी (डेसिबल) न्या. बस.

आता एक आमच्याच वर्कशॉपमधलं सांगतो. टेस्टिंगला बसलो की ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सी वाजवला की अख्खी खोली घुमायची, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर थरथरायचा, आणि शेजारचे सूर मात्र नॉर्मल. आधी आम्ही पूर्ण लो कमी केला तर सगळा बेसच पातळ झाला. तो सी ६५ हर्ट्झचा आहे, म्हणून लो बँड ६५ वर आणला, क्यू ४, गेन उणे ५, आणि सी बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसला. खोली बदलली की हे सेटिंग काढून टाकायचं, कारण दोष खोलीचा होता, बेसचा नाही.

चार तारांच्या बेसची मोकळी ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८, पाच तारांच्या बेसची बी ३१. म्हणजे चार तारांवर ३० हर्ट्झ वाढवून मिळणार काय, तर बॉडीवर हात आपटल्याचा धप्प आवाज. भरीवपणा ८० ते १०० च्या आसपास असतो, गढूळपणा २०० ते ३०० मध्ये, आणि ७०० ते ९०० मध्ये ती गुरगुर जी बाकीच्या वाद्यांमध्ये बेसला ऐकू आणते. बोटांचा किंवा पिकचा ठोका २-३ हजारात, त्याच्यावर तार घासल्याची किरकिर आणि हिस. नॉबवर छापलेले आकडे अंदाजेच धरा, या किमतीच्या पेडलमध्ये थोडंफार इकडेतिकडे होतंच, कानावर जा.

लो वाढवताना जरा हिशोब करा. ६ डीबी वाढवलेत की त्या फ्रिक्वेन्सीला अँपला चौपट पॉवर लागते, १२ डीबीला जवळजवळ सोळापट, आणि मग छोटा अँप फाटल्यासारखा वाजतो यात नवल नाही. त्यापेक्षा २५० जरा कापा, लो आपोआप मोकळा वाटतो. आणि फूटस्विच दाबून ऑन-ऑफ तुलना करताना दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा ठेवा, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, त्यात आम्हीही फसतो.

इक्यू ओव्हरड्राइव्हच्या (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या) आधी लावलात तर काय फाटणार ते बदलतं, नंतर लावलात तर फाटलेला आवाज घासूनपुसून घेता येतो. कॉम्प्रेसरच्या (मोठा-बारीक आवाज सारखा करणाऱ्या पेडलच्या) आधी लो वाढवलात तर कॉम्प्रेसर त्यालाच धरून बसतो.

एक गोष्ट इक्यूने जात नाही. बऱ्याच बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये एखादा सूर लगेच विझतो, तो नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) कंपनामुळे, त्यासाठी नॉब फिरवत बसू नका.

आणि पेडल सुरूच होत नसेल तर परत पाठवण्याआधी अडॅप्टर बघा, ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह असायला हवी, मग केबल बदलून बघा, तरी नाही झालं तर पाठवा, बघतो आम्ही.