‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’: ही पाटी म्हणजे कायदा नव्हे

बिलाच्या तळाशी हे वाक्य छापलं की दुकानदार मोकळा, असा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवस धरले जातात. मात्र वस्तूत दोष हवा. घरी नेल्यावर रंग आवडला नाही, एवढ्यावर हा हक्क मिळत नाही. खरा दोष असताना पाटी बघून मुकाट परतणारे पाहिले की वाईट वाटतं. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.